‘वायर्ड’ : गिटारवादकाचा अल्बम आणि कीबोर्डची वाणी

प्रस्तावना :
इंग्लिश गिटारवादक जेफ बेक (१९४४–२०२३) यांचा ‘वायर्ड’ हा अल्बम १९७६ साली प्रसिद्ध झाला. जॅझमधील उत्स्फूर्त विस्तार आणि रॉकमधील विद्युत वाद्यांचा जोर यांचा मेळ घालणाऱ्या जॅझ-फ्यूजन प्रवाहात त्याला महत्त्वाचे स्थान आहे. अल्बमवर नाव बेक यांचे असले, तरी त्यातील आठपैकी एकही रचना त्यांची नाही. तथापि त्याचे श्रेय बहुधा त्यांच्या बोटांनाच दिले जाते. प्रस्तुत लेखात मॅक्स मिडलटन आणि यान हॅमर या कीबोर्डवादकांच्या आधारे या श्रेयाचा पुनर्विचार केला आहे.

मिडलटन : आधारस्वर
मिडलटन १९७५ च्या ‘ब्लो बाय ब्लो’च्याही आधी, १९७१ पासूनच बेक यांचे सहकारी होते. ‘वायर्ड’ची पहिली रचना ‘लेड बूट्स’ त्यांचीच आहे. त्यांचे क्लॅव्हिनेट हे वाद्य यंत्ररचनेने गिटारचे भावंडच ठरते. पट्टी दाबताच आतील तारेवर आघात होतो आणि पिकअप तिचे कंपन टिपतो. या तुटक, लयदार स्वरांमुळे गिटारच्या धावेला जमीन मिळते. याउलट लेस्टर यंग यांच्या स्मरणार्थ चार्ल्स मिंगस यांनी रचलेल्या ‘गुडबाय पोर्क पाय हॅट’मध्ये फेंडर ऱ्होड्सचे मृदू स्वरसंघ गिटारच्या शोकाला अवकाश देतात. येथे साथ म्हणजे दुय्यमत्व नव्हे, तर अर्थनिर्मिती होय.

हॅमर : प्रतिस्वर
महाविष्णू ऑर्केस्ट्रातून आलेल्या हॅमर यांची भूमिका वेगळी आहे. संवादिनीवर मींड घेता येत नाही, ही आपल्याकडील जुनी तक्रार आहे. सिंथेसायझरवरील स्वर सरकवणाऱ्या चाकाने हॅमर यांनी पट्टीच्या वाद्याची हीच मर्यादा ओलांडली. एका वेळी एकच स्वर घेऊन ते असा वाकवतात, की गिटार कोठे संपली आणि कीबोर्ड कोठे सुरू झाला, हे क्षणभर उमगत नाही. ‘ब्लू विंड’ची रचना, निर्मिती, ड्रम आणि सिंथेसायझर हे सर्व त्यांचे, बेक यांची केवळ गिटार. मात्र या सवाल-जवाबाला काही ठिकाणी शर्यतीचे रूप येते आणि तेथे भावापेक्षा चपळाई वरचढ ठरते, ही मर्यादाही नोंदवावी लागेल.

निष्कर्ष :
अखेरच्या ‘लव्ह इज ग्रीन’मध्ये रचनाकार व ड्रमवादक नाराडा मायकेल वॉल्डन स्वतः पियानोवर बसतात आणि चढाओढ शमते. सहकाऱ्यानुसार गिटारचा स्वभाव बदलतो, हे येथे पुन्हा प्रत्ययास येते. मिडलटन यांच्यासोबत ती बोलते, हॅमर यांच्यासोबत झुंजते. इतरांच्या रचना स्वतःच्या आवाजात ऐकवणे हे बेक यांचे कर्तृत्व निर्विवाद आहे. परंतु तो आवाज घडला तो या सहवासात. म्हणून ‘वायर्ड’ची समीक्षा एका वादकाच्या कौशल्यापाशी थांबणे अपुरे ठरते.