खालचा सूर कोण ठरवतं?

बेस गिटार शिकवणारा कुठलाही मास्तर, मोबाईलवरचा असो की समोर बसलेला, पहिल्या-दुसऱ्या धड्यात एक वाक्य बोलतोच. बेस कुणाच्या लक्षात येत नाही, पण तो थांबला की सगळ्यांना चुकल्याचुकल्यासारखं वाटतं. हे तो कौतुकानं म्हणतो. मला ते वाक्य ओळखीचं वाटलं, कारण समाजाच्या कार्यक्रमात बाईला शाल-श्रीफळ देताना हेच बोललं जातं. पडद्यामागे राहून सगळं सांभाळलं, कधी पुढे आल्या नाहीत. टाळ्या वाजतात, बाई नमस्कार करून खाली बसते आणि माईक पुन्हा भाऊसाहेबांकडे जातो.

लामत्यात राहून जुन्या इंग्रजी रॉकच्या बेस लाइन शिकायला लागून मला दोन वर्षं झाली. या दोन वर्षांत त्या मास्तरी वाक्याशी माझं भांडण वाढतच गेलं आहे. बेस म्हणजे गुपचूप आधार, ही समजूत मला संगीताच्याच हिशेबाने चुकीची वाटते.

आधी ऐकू न येण्याची गोष्ट. विजेवर चालणारा, आडवा धरून वाजवायचा बेस लिओ फेंडरने १९५१ साली बाजारात आणला. त्याला चार जाड तारा असतात. सगळ्यात जाड तार सेकंदाला साधारण ४१ वेळा कंप पावते. आपल्या मोबाईलचा स्पीकर एवढ्याशा टिकलीसारखा, त्याला इतका खालचा सूर पुरता काढताच येत नाही. आपण ते गाणं मोबाईलवर, बसमध्ये, मिक्सर चालू असताना ऐकतो आणि वर म्हणतो की बेस कसा नम्र, ऐकूच येत नाही. नम्र वगैरे काही नाही. ऐकायचं साधन अपुरं आहे. चांगले इअरफोन लावा, मग तोच बेस गाण्याभर कसा पसरला आहे ते कळेल.

आता ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांनी एक करून पाहावं. उजव्या हाताने सा, ग, प एकदम दाबून धरा. डाव्या हाताने खालच्या सप्तकातला सा दाबा. मोकळं, प्रसन्न वाटतं, सकाळच्या प्रक्षाळाच्या वेळेसारखं. आता उजवा हात अजिबात हलवू नका. फक्त डाव्या हाताने सा सोडून मंद्र ध दाबा. वरचे तिन्ही सूर तेच आहेत, पण चेहरा उतरला. घरातून कुणीतरी निघून गेल्यासारखं वाटतं. वरच्यांनी काहीच बदललं नाही, खालच्या एका सुराने त्यांचा अर्थ बदलला. इंग्रजी संगीतात तर त्या स्वरसमूहाचं नावसुद्धा बदलतं. ज्याच्या बोटाने दुसऱ्यांची नावं बदलतात, त्याला मदतनीस कसं म्हणायचं?

बीटल्सच्या १९६८ च्या अल्बममधलं जॉर्ज हॅरिसनचं ‘व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स’ याच युक्तीवर उभं आहे. वरचा स्वरसमूह जवळजवळ तोच राहतो आणि खालचा सूर पायरी पायरीने उतरतो. आपल्या भाषेत सांगायचं तर सा, मग कोमल नि, मग शुद्ध ध, मग कोमल ध. नावात गिटार रडते आहे, पण मला विचाराल तर रडायला लावणारा जिना खाली आहे. मी ही उतरण पहिल्यांदा नीट वाजवली तेव्हा नणंद स्वयंपाकघरातून म्हणाली, “वहिनी, गाणं सुरू कधी होणार?” मग मी मोबाईलवर मूळ गाणं लावलं आणि सोबत तेच चार सूर वाजवले. त्यावर ती काही बोलली नाही, पण कणीक तशीच ठेवून दारात येऊन उभी राहिली.

हा बेस बीटल्समध्ये पॉल मॅकार्टनी वाजवायचा. १९६१ मध्ये हॅम्बुर्गला त्यांचा आधीचा बेसवाला स्टुअर्ट सटक्लिफ बँड सोडून चित्रकलेकडे वळला. उरलेल्यांत कुणालाच बेस नको होता, म्हणून तो मॅकार्टनीच्या गळ्यात पडला. गळ्यात पडलेलं काम म्हणजे काय, हे आपल्याला समजावून सांगायची गरज नाही. पुढे तो त्या खालच्या सुरांतून गाण्याखाली दुसरं गाणंच रचायला लागला. १९६९ च्या ‘समथिंग’मध्ये बेस इतका बोलतो की काही जाणकारांना तो जास्त वाटतो. मला नाही वाटत. गाणारा जिथे श्वास घेतो तिथेच तो बोलतो.

क्वीन या बँडकडे आपण मराठी माणसं वेगळ्या अभिमानाने बघतो, कारण फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकला. तिथे १९५८ च्या सुमारास त्याचा शाळकरी बँड होता, हेक्टिक्स. त्यात बेस वाजवणारे फरंग इराणी होते, हे किती जणांना माहीत आहे? क्वीनमध्येही तेच झालं. ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ (१९८०) ऐकलं की लोकांना फ्रेडीचा आवाज आठवतो. पण ते गाणं लिहिलं बेसवाल्या जॉन डीकनने, आणि लोक गुणगुणतात ती त्याचीच बेस लाइन असते.

शिकायला ही लाइन सोपी वाटते. एकाच सुरावर तीन ठोके, मग पोकळी, मग पुन्हा तोच सूर आणि जरा वर चढून परत. बोटं आठवड्यात बसतात. पोकळी मात्र महिनोन्महिने बसत नाही. जाड तार आपणहून थांबत नाही, घुमत राहते. तिला वेळेवर गप्प करायचं तर डाव्या हाताचं बोट पट्टीवरून किंचित उचलायचं, पण तारेवरून काढायचं नाही, आणि उजव्या हाताने बाकीच्या तारा धरून ठेवायच्या. म्हणजे गप्प बसणं हे वाजवण्याइतकंच काम आहे. ही शांतता डीकनने स्वतः निवडली, मोजली आणि हवी तिथे ठेवली. सांगितलं म्हणून गप्प बसणं वेगळं. म्हणूनच बेस म्हणजे मौन सेवा असं म्हणणाऱ्यांनी ही लाइन एकदा वाजवून बघावी.

पिंक फ्लॉइडच्या ‘मनी’बद्दल (१९७३) थोडक्यात. सात मात्रांचं गाणं आहे, म्हणून इंग्रजी मास्तर ते फार अवघड म्हणून सांगतात. ढोलकी-तबल्याच्या घरात वाढलेल्याला रूपक नवा नाही. फरक इतकाच की रूपकाची सम खालीची, आणि रॉजर वॉटर्सची पहिली मात्रा भरीव, लगेच पुढे सप्तकभर वर उडी. सुरुवातीला नाणी आणि गल्ल्याचा आवाज तालात लावला आहे. दुकानदारांच्या घरात तो आवाज चटकन समजतो.

शिकण्याच्या पद्धतीवर मात्र माझी तक्रार आहे. सगळीकडे आकड्यांची लिपी देतात. चार रेघा, त्यावर पट्टीचा नंबर. तीन, पाच, पाच, तीन. कुठे दाबायचं ते कळतं. किती वेळ दाबायचं आणि कधी सोडायचं, ते साध्या आकड्यांत येतच नाही. डीकनच्या लाइनचे आकडे सगळे बरोबर वाजवूनही ती मेलेली वाजू शकते. त्यापेक्षा आपल्या आज्या स्तुती-आरत्या शिकवत ती रीत बरी. आधी ऐकायचं, मग तोंडाने म्हणायचं, मग हातात घ्यायचं. मी प्रत्येक लाइन आधी तोंडाने म्हणते. पुरुषांच्या गाण्यातला खर्ज आपल्या गळ्यात बसत नाही, पण एक सप्तक वर म्हटलं तरी काम होतं.

हाताचंही सांगते, कारण बाया तेच आधी विचारतात. नेहमीच्या बेसची तार ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६ सेंटिमीटर. बोटं ताणली जातात. ३० इंचीही मिळतो, आणि मॅकार्टनीचा तो व्हायोलिनच्या आकाराचा प्रसिद्ध बेस तसाच आखूड आहे. तेव्हा आखूड घेण्यात कमीपणा नाही. खांद्याचा पट्टा चामड्याचा येतो, नायलॉनचा मागून घ्यावा. तारा पोलाद-निकेलच्या असतात. जुन्या उभ्या बेसला आतड्याच्या लावायचे, इथे तो प्रश्न नाही. यावर कुणीतरी मला विचारलंच, की मंदिरातल्या ढोलकीला चामडं चालतं, मग पट्ट्याचं एवढं काय? प्रश्न रास्त आहे. तो ढोलकीलाही विचारावा.

या सगळ्यात ज्या बाईमुळे माझं भांडण पक्कं झालं, ती कॅरोल केय. जन्म १९३५ चा, अमेरिकेतली. क्लबात जॅझ गिटार वाजवायची. १९६३ मध्ये एका रेकॉर्डिंगला बेसवाला आला नाही, तर हिने तो हातात घेतला आणि लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंमध्ये शेकडो गाणी वाजवली. तिथल्या वादकांची नावं अनेकदा कव्हरवर छापलीच जात नसत. ‘द बीट गोज ऑन’ (१९६७) हे सनी आणि शेरचं गाणं जवळजवळ एकाच कॉर्डवर चालतं. त्याला ओळख देणारी बेसची लकेर केयने सुचवली. ती काढून टाका, गाणं राहतं का ते पाहा. १९६९ मध्ये तिने बेस शिकवणारं पुस्तकही काढलं. आणि २०२५ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने तिला सन्मान जाहीर केला, तर नव्वदीतल्या बाईने तो नाकारला. स्टुडिओतलं काम सगळ्यांचं असतं, त्याला हा सन्मान धरून नाही, असं तिचं म्हणणं. काहींनी याला विनय म्हटलं. विनयशील माणूस शाल घेऊन खाली बसतो. तिने तर सन्मान देणाऱ्यांचा हिशेबच चुकला असं सांगितलं.

आपल्या बाजूचं उदाहरण हवं असेल तर राहुल राम आहेत, इंडियन ओशनचे. नर्मदा आंदोलनात काही वर्षं काढलेला माणूस, बेसही वाजवतो आणि गातोही. ‘कंदिसा’ (२०००) या अल्बममधलं ‘मा रेवा’ ऐका. लामत्याहून नैनपूरमार्गे गाडी जबलपूरला जाते, तिथली ही नर्मदा, आपल्याला परकी नाही. गाणारा आणि खालचा सूर धरणारा एकच असला की मागे कोण नि पुढे कोण, हा वाद उरत नाही.

आता घरचं. भजनसंध्येला हल्ली कीबोर्ड येतो. डाव्या हाताने एक बोट दाबलं की यंत्र ठोका आणि बेस आपोआप देतं, प्रत्येक भजनाला तोच, सा-प, सा-प. सोय आहे, मान्य. पण खालचा सूर कुणीच ठरवत नाही आणि सगळी भजनं एकाच लग्नाच्या वरातीतली वाटतात. येत्या दशलक्षण पर्वात ते बटण बंद ठेवावं, असं मी मंडळात सुचवलं. बऱ्याच जणी तयार झाल्या. सध्या आमचं एका आरतीच्या शेवटच्या ओळीवर अडलं आहे. ओळ षड्जावर संपते. पेटीवाल्या काकूंना खालीही षड्जच हवा, म्हणजे आरती नीट टेकते. मी तिथे मध्यम धरते. मध्यमाने ओळ संपूनही जरा तरंगत राहते, पुढचं कडवं मागते. काकू म्हणतात, “अगं, लोक उठायला निघालेले असतात.” काल पुन्हा दोन्ही वाजवून पाहिलं. चार जणी त्यांच्या बाजूने, तीन माझ्या.