एप्रिल ते जून: मेळाव्यात मोजलेलं लेकरू

जिल्हा परिषदेच्या शाळेत एप्रिलमध्ये कधी डोकावला असाल, तर 'शाळा पूर्वतयारी मेळावा' तुमच्या नजरेस पडला असेल. 'पहिले पाऊल' या नावानं हे अभियान २०२२ पासून राज्यात चालतं. कोरोनामुळे अंगणवाड्या बंद राहिल्या आणि पहिलीत येणारी मुलं आधी काहीच तयारी न होता वर्गात बसणार होती, त्यावरचा हा उपाय. पटांगणात टेबलं मांडलेली असतात, प्रत्येक टेबल म्हणजे एक थांबा. शारीरिक विकास, बौद्धिक विकास, सामाजिक-भावनिक विकास, भाषा, गणनपूर्व तयारी. लेकरू एकेका थांब्यावर जातं, सांगितलेलं करतं, आणि 'विकास पत्रा'वर नोंद होते. मग आयांचे गट केले जातात, घरी करायच्या कृतींची कार्डं दिली जातात. उन्हाळाभर आईनं घरी करून घ्यायचं. जूनमध्ये दुसरा मेळावा, तेच थांबे, तेच पत्र.

मला कल्पना आवडते, हे आधीच सांगून टाकतो. शाळेनं आईला बोलावून 'तुमच्या लेकराचं तुम्हीही करू शकता' असं म्हणणं ही आपल्याकडं लहान गोष्ट नाही. शाळेत आईला बोलावणं म्हणजे पोराची तक्रार, हेच आपण वर्षानुवर्षं बघत आलोय. आणि साहित्यही बघा, खडे, बिया, पानं, चमचे. विकत आणायला काही नाही. माझी टीका आहे ती एप्रिल आणि जूनच्या पत्रांची वजाबाकी करून जो निष्कर्ष काढला जातो त्यावर. तुम्ही पेट किंवा नेटची तयारी करत असाल आणि संशोधन पद्धतीचं पुस्तक घोकत असाल, तर 'अंतर्गत सप्रमाणता' हा शब्द पाठ असेलच. तो इथं जिवंत बघायला मिळतो.

एप्रिलमध्ये पाच वर्षं नऊ महिन्यांचं असलेलं मूल जूनमध्ये जवळपास सहा वर्षांचं असतं. या वयात दोन महिने म्हणजे पुष्कळ. काहीही केलं नसतं तरी त्याची पेन्सिलीवरची पकड सुधारलीच असती. दुसरं, तो थांबा त्यानं आधी एकदा पाहिलेला आहे. तेच टेबल, तेच प्रश्न, तेच गुरुजी. पहिल्या वेळी आईच्या पदराआड लपलेलं पोर दुसऱ्या वेळी धीटपणे पुढं येतं, यात भाषाविकास किती आणि ओळख किती? तिसरं, दोन्ही वेळा नोंद करणारी व्यक्ती बहुधा एकच, तिला एप्रिलची नोंद माहीत असते, आणि मधल्या काळात आयांचा गट चालवण्याची जबाबदारीही तिच्याकडंच असते. आपण स्वतः शिजवलेल्या भाजीला आपण कमी मीठ म्हणू का? बेइमानीचा प्रश्नच नाही हा, नजरेचा आहे. म्हणून जूनमध्ये रकाने सुधारलेले दिसणारच. त्यातलं किती आईच्या कामामुळं, हे वजाबाकीतून कळत नाही.

'सगळ्यात मागं असलेली मुलं सगळ्यात जास्त पुढं आली' असं वाक्य कुठल्याही अहवालात दिसलं की तुमचे कान टवकारले पाहिजेत. एखादं मूल एप्रिलच्या त्या दिवशी तापात होतं, किंवा रडत होतं, म्हणून खालच्या गटात गेलं. जूनमध्ये ते आपल्या नेहमीच्या पातळीवर आलं. झालं, 'प्रगती'. संख्याशास्त्रात याला सरासरीकडं परतणं म्हणतात. (माझं एमएस्सी संख्याशास्त्रातलं, त्यामुळं हा विषय निघाला की मी जरा जास्त बोलतो.)

मग आईबरोबर घरी काम करण्याचा उपयोग होतो का नाही? यावर आपल्याच देशात एक चांगला प्रयोग झालाय. रुक्मिणी बॅनर्जी, जेम्स बेरी आणि मार्क शॉटलँड यांचा हा निबंध अमेरिकन इकॉनॉमिक जर्नलच्या उपयोजित अर्थशास्त्राच्या अंकात २०१७ साली आला. बिहारमधला पूर्णिया आणि राजस्थानातला अजमेर हे जिल्हे, एकूण ४८० गावं. गावांची चिठ्ठी टाकून विभागणी: काही गावांत आयांसाठी साक्षरता वर्ग, काहींत आईनं घरी मुलाचा अभ्यास कसा घ्यावा याचं प्रशिक्षण, काहींत दोन्ही, आणि काहींत काहीच नाही. हे 'काहीच नाही'वालं गाव आपल्या मेळाव्याच्या हिशोबात नसतं. त्या गावातलं पोरही दोन महिन्यांनी मोठं होतं, म्हणून तर ते लागतं.

निष्कर्ष असा की तिन्ही प्रकारांचा मुलांच्या गणितावर परिणाम झाला. ठाम, पण माफक. आयांचे स्वतःचे भाषेचे आणि गणिताचे गुण वाढले, आणि मुलांच्या शिक्षणात त्या जास्त लक्ष घालू लागल्या. आता हा सारांश तुम्ही पुन्हा वाचा. मुलांच्या बाबतीत त्यात गणित आहे, भाषा नाही. सारांशात जे नाही ते शोधणं ही संशोधकाची सवय असायला हवी, म्हणजे मग तुम्ही आतली कोष्टकं उघडता. आईमुळं लेकरू वाचायला लागतं असं सरसकट म्हणणाऱ्यानं निदान इथं थांबायला पाहिजे.

भाषेचं वेगळं का असू शकतं, याचा एक धागा कॅनडातल्या अभ्यासात सापडतो. मोनिक सेनेशाल आणि जो-ॲन लेफेव्हर यांनी १६८ मुलांचा काही वर्षं पाठपुरावा केला, २००२ साली तो 'चाइल्ड डेव्हलपमेंट'मध्ये छापून आला. घरात गोष्टींची पुस्तकं वाचून दाखवणं हा एक मार्ग, तो शब्दसंपत्तीकडं आणि ऐकून समजण्याकडं जातो. आईवडिलांनी अक्षरं शिकवणं हा दुसरा, तो सुरुवातीच्या लिपीज्ञानाकडं. दोन्ही मार्ग बऱ्यापैकी वेगळे निघाले. पण ती घरं मध्यम आणि उच्च मध्यमवर्गीय होती, लिपी वेगळी होती. आपल्या लिपीत बाराखडी आणि जोडाक्षरं धरून चिन्हांचा पसारा मोठा. सोनाली नाग यांनी २००७ मध्ये कन्नड मुलांबद्दल दाखवलं की अक्षरज्ञान पुरं व्हायला तिथं पहिल्या इयत्तेपेक्षा खूप जास्त काळ लागतो. मराठीची रचना त्याच जातीची आहे. तेव्हा उन्हाळ्याच्या दोन महिन्यांत अक्षरांची अपेक्षा ठेवणं हा आईवर अन्याय. गोष्टी, गप्पा, गाणी यांवर तो वेळ घालवला तर त्याचं फळ मिळेल, फक्त ते जूनच्या पत्रावर दिसणार नाही.

आणि इथंच मोजमापाचा दुसरा घोळ आहे. घरातलं साक्षरतेचं वातावरण मोजायच्या प्रश्नावल्यांमध्ये एक लाडका प्रश्न असतो: घरात मुलांची पुस्तकं किती? चारठाण्यात हा प्रश्न घेऊन फिरलात तर बऱ्याच घरांत उत्तर शून्य येईल. जुनी देवळं आणि बारव बघायला बाहेरून लोक येतात असं हे आमचं गाव, जिंतूर तालुक्यातलं, पण दुकानात लहान मुलांचं गोष्टीचं पुस्तक मागाल तर वहीच हातात पडेल. याचा अर्थ घरात भाषा नाही असा होतो का? गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी गोळा करवलेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे, आणि त्यांत परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाजही आहे. आज जातं फिरत नाही, मान्य. पण आजीच्या तोंडी म्हण, उखाणा, नात्यागोत्याच्या लांबलचक गोष्टी अजून आहेत. 'काय करायलास रे?' असं विचारणारं घर आणि 'तू काय करत आहेस?' असं छापलेलं कार्ड यांत जे अंतर आहे, तेही प्रश्नावलीत कुठं येत नाही. पुस्तकांची संख्या हा चल चूक नाही, पण एकट्यानं तो घरातली भाषा मोजत नाही.

अमेरिकेतही हाच वाद झालाय. हार्ट आणि रिझली यांनी १९९५ मध्ये कॅन्सस भागातल्या ४२ कुटुंबांवरून 'तीन कोटी शब्दांची दरी' मांडली, गरीब घरातली मुलं तेवढे शब्द कमी ऐकतात म्हणून. पुढं डग्लस स्पेरी आणि सहकाऱ्यांनी मुलाच्या कानावर पडणारं सगळ्यांचं बोलणं मोजलं, केवळ मुलाला उद्देशून आईनं केलेलं नाही, तेव्हा चित्र बरंच बदललं. ओसरीवर बसलेल्या चार बायका धराव्यात की नाही, यावर आकडा अवलंबून होता. त्या आकड्यावर धोरणं आखली गेली होती.

भावनिक विकासाचा थांबा तर मला सगळ्यात कच्चा वाटतो. अनोळखी माणसासमोर, चार जणांच्या देखत, उन्हात उभं राहून पाच वर्षांचं पोर बोललं नाही, तर ते भावनिकदृष्ट्या मागं आहे की शहाणं आहे? जूडी डन आणि सहकाऱ्यांचं १९९१ मधलं काम मला इथं पटतं. घरात रोजच्या कटकटीत, भांडणात, तीन वर्षांच्या मुलांशी भावनांबद्दल किती बोललं जातं हे त्यांनी नोंदवलं. ज्यांच्या घरी असं बोलणं जास्त होतं, त्या मुलांना सहाव्या वर्षी दुसऱ्याच्या भावना जास्त चांगल्या ओळखता आल्या. हाही सहसंबंधच आहे, कार्यकारण नाही. पण मोजायची जागा बरोबर होती: घर, आणि तेही भांडण चालू असताना. 'खेळणं हिसकलं म्हणून ताईला राग आला' हे वाक्य त्या क्षणी बोललं गेलं तर काम करतं. कार्डावरच्या हसऱ्या-रडक्या चेहऱ्याला बोट लावण्यात तेवढा जीव नाही.

अजून एक गृहीतक राहिलं. 'घर' आणि 'आई'. परभणी जिल्ह्यातूनही कुटुंबं ऊसतोडीला जातात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दिवाळीच्या आसपास गेली की उन्हाळ्याच्या तोंडावर परत. तेवढे महिने लेकरू एक तर फडावरच्या कोपीत असतं, नाहीतर आजी-आजोबांकडं. अशा घरात आयांचा गट म्हणजे प्रत्यक्षात आजीचा गट. कार्डावर 'आई' छापलंय म्हणून आजी मागं बसते आणि आपल्याला काही विचारतील या भीतीनं गप्प राहते.

आता तुमच्यासाठी. नवा प्रयोग करायला पैसा नाही, नियंत्रण गट मिळणार नाही, हातात फक्त दोन मेळाव्यांची पत्रं आहेत. तरी काही करता येतं. एप्रिलच्या एकाच दिवशी साडेपाच वर्षांची मुलंही असतात आणि सव्वासहाचीही. वयाचे महिने आडव्या अक्षावर, गुण उभ्या अक्षावर घ्या. रेषेचा चढ सांगेल की निव्वळ दोन महिने वाढल्यानं गुण साधारण किती वाढायला हवेत. जूनची वाढ त्याच्याशी ताडून बघा. इथं एक सावधगिरी: हजेरीपटावरच्या जन्मतारखा. आपल्याकडं १ जूनला जन्मलेल्या माणसांची संख्या निसर्गाला पेलणारी नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आता दाखले बरेच सुधारलेत, पण वय चुकीचं नोंदलं असेल तर रेषा सपाट होते, वाढीचा अंदाज कमी येतो आणि अभियानाचं श्रेय फुगतं.

आधीच्या ओळखीचा परिणाम वेगळा काढायचा तर फक्त जूनलाच आलेली मुलं उपयोगी पडतात, त्यांनी थांबे आधी पाहिलेले नसतात. पण ती एप्रिलला का आली नव्हती, हे आधी घरी जाऊन विचारा. त्यातल्या काहींचे आईबाप तेव्हा कारखान्यावरून परतलेच नसतील.