लॉर्ड रॅले : नांवाचें वजन व कागदाचें वजन

इतिहाससंशोधनाच्या त्रैमासिकांत एका इंग्रज पदार्थविज्ञानवेत्त्याच्या चरित्राचा परामर्श घेतलेला पाहून आमच्या कांहीं वाचकांस आश्चर्य वाटेल. त्यांस आमचें उत्तर एवढेंच कीं, या पुरुषाच्या चरित्रांत जो प्रश्न गुंतला आहे तो जुन्या कागदांचा संग्रह करणाऱ्या प्रत्येकास नित्य सोडवावा लागतो. हातीं आलेल्या कागदाची योग्यता त्यावरील नांवावरून ठरवावयाची कीं त्यांतील मजकुरावरून, हा तो प्रश्न होय. शिवाय या चरित्राशीं निगडित असा एक अत्यंत महत्त्वाचा कागद आपल्या मुंबईहून रवाना झालेला असून तो सुमारें पंचेचाळीस वर्षें लंडनच्या एका नामांकित संस्थेच्या दप्तरांत पडून होता. एवढीं दोन कारणें आम्हांस पुरेशीं वाटतात.

जॉन विल्यम स्ट्रट, म्हणजेच तिसरे लॉर्ड रॅले, यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८४२ रोजीं इंग्लंडांतील एसेक्स परगण्यांत झाला. घराण्याची सरदारकी फार जुनी नव्हती. ती १८२१ सालीं मिळाली, व तीहि त्यांच्या आजोबांस नव्हे तर आजीस. कर्नल स्ट्रट यांनीं ती स्वतः न घेतां पत्नीच्या नांवें होऊं दिली. टर्लिंग येथील वाडा व सुमारें सात हजार एकर जमीन हें घराण्याचें वैभव. लहानपणीं प्रकृति नाजूक असल्यामुळें ईटन व हॅरो येथील शिक्षण तुटकच झालें. १८६१ सालीं ते केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजांत दाखल झाले व १८६५ सालीं सीनियर रँग्लर झाले. या बहुमानाचा अर्थ महाराष्ट्रास निराळा सांगावयास नको. १८९९ सालीं रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांनीं तो मिळविल्यापासून तो शब्द आपल्या घरोघरीं पोंचलेला आहे. १८७१ सालीं रॅले यांचा विवाह इव्हेलिन बाल्फोर यांच्याशीं झाला. पुढें इंग्लंडचे मुख्य प्रधान झालेले आर्थर बाल्फोर हे त्यांचे मेहुणे. पुढील वर्षीं संधिज्वरानें ते फार आजारी पडले व हवापालटासाठीं मिसर देशांत गेले. तेथें नाईल नदीवरील नौकेंत त्यांनीं ध्वनिशास्त्रावरील ग्रंथास आरंभ केला. त्याचे दोन खंड १८७७-७८ मध्यें प्रसिद्ध झाले. १८७३ सालीं वडील वारल्यावर सरदारकी त्यांजकडे आली; परंतु जमिनीचा कारभार त्यांनीं लौकरच धाकट्या बंधूंवर सोंपविला. १८७९ सालीं मॅक्सवेल यांच्या निधनानंतर केंब्रिजचें कॅव्हेंडिश अध्यापकपद त्यांनीं पत्करलें. शेतीच्या मंदीमुळें घटलेलें उत्पन्न हें त्याचें एक कारण होतें. पांच वर्षें विद्युन्मापनाचीं प्रमाणें कसून निश्चित केल्यावर ते टर्लिंग येथील आपल्या प्रयोगशाळेंत परतले, आणि ३० जून १९१९ रोजीं तेथेंच निवर्तले.

हें चरित्र त्यांचे पुत्र रॉबर्ट जॉन स्ट्रट, चौथे लॉर्ड रॅले, यांनीं लिहिलें. तें १९२४ सालीं प्रसिद्ध झालें व १९६८ सालीं त्याची वाढविलेली आवृत्ति निघाली. चरित्रकार स्वतः पदार्थविज्ञानवेत्ते असल्यानें विषयाचें मर्म त्यांस ठाऊक आहे, आणि घरांतील कागद त्यांच्या हातांखालीं होते. हे दोन गुण एका ठिकाणीं क्वचित् आढळतात. तथापि पुत्रानें लिहिलेलें पित्याचें चरित्र आपण घराण्याची बखर ज्या सावधपणानें वाचतों त्याच सावधपणानें वाचलें पाहिजे. सुदैवानें येथें ताळा पाहण्यास अस्सल साधन उपलब्ध आहे. रॅले यांचे चारशेंहून अधिक निबंध सहा खंडांत छापलेले आहेत. आम्हांस जें म्हणावयाचें आहे तें मुख्यतः त्यांपैकीं दोन प्रकरणांवर आधारलेलें आहे.

रॅले यांची थोरवी म्हणजे द्रव्य व फुरसत यांचें फळ होय, असें एक मत ऐकूं येतें. तें अर्धेंच खरें आहे. द्रव्य आणि फुरसत त्या काळच्या शेंकडों सरदारांपाशीं होती. परंतु कांचेच्या एका गोळ्यांत हवेपासून काढलेला नत्रवायु भरला असतां त्याचें वजन सुमारें २.३१० ग्रॅम भरतें, व रासायनिक द्रव्यांपासून काढलेला नत्रवायु त्याच गोळ्यांत भरला असतां तें सुमारें २.२९९ ग्रॅमच भरतें, या अकरा सहस्रांश ग्रॅमच्या फरकानें अस्वस्थ होणारा सरदार एकच निघाला. दुसऱ्या कोणी ही हातचूक समजून सरासरी काढली असती. रॅले यांनीं १८९२ सालीं ‘नेचर’ नियतकालिकांत पत्र लिहून आपली अडचण उघड केली व रसायनज्ञांची मदत मागितली. पुढें विल्यम रॅम्झे हे त्यांचे सहकारी झाले. ऑगस्ट १८९४ मध्यें ऑक्सफर्ड येथें भरलेल्या ब्रिटिश असोसिएशनच्या सभेंत हवेंतील एका नव्या वायूची वार्ता दोघांनीं जाहीर केली. हाच आरगॉन वायु होय. १९०४ सालचें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक रॅले यांस व रसायनशास्त्राचें रॅम्झे यांस मिळालें.

या शोधाची एक बाजू आमच्या वाचकांनीं विशेष लक्षांत घ्यावी. हेन्री कॅव्हेंडिश यांनीं १७८५ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत असें नमूद केलें होतें कीं, विजेच्या ठिणग्यांनीं हवेंतील नत्रवायु संपवीत गेलें असतां शेवटीं एक लहानसा बुडबुडा शिल्लक राहतो, व तो मूळ नत्रवायूच्या १/१२० भागाहून अधिक नसतो. या बुडबुड्याचा अर्थ कॅव्हेंडिश यांस लागला नाहीं. परंतु अर्थ लागला नाहीं म्हणून त्यांनीं तो गाळलाहि नाहीं. शंभराहून अधिक वर्षांनीं रॅले यांनीं तोच प्रयोग पुनः करून त्या बुडबुड्याचा उलगडा केला. पोथीची नक्कल करतांना न समजलेलें अक्षर जो नकलकार जसेंच्या तसें उतरतो तोच पुढच्या संपादकावर उपकार करतो, हें आपण जाणतों.

आतां दुसरें प्रकरण. जॉन जेम्स वॉटरस्टन हे १८११ सालीं एडिंबरो येथें जन्मलेले गृहस्थ १८३९ पासून मुंबईस ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमारी उमेदवारांस शिकविण्याच्या नोकरीवर होते. वायूचे कण अहोरात्र वेगानें फिरत असतात, त्यांच्या आघातांमुळें दाब उत्पन्न होतो व त्यांच्या गतीवरून उष्णतामान ठरतें, हा सिद्धांत त्यांनीं गणितानें मांडला. १८४५ सालीं तो निबंध त्यांनीं मुंबईहून लंडनच्या रॉयल सोसायटीकडे धाडला. परीक्षकांचें मत प्रतिकूल पडलें. हा निव्वळ मूर्खपणा आहे, अशा आशयाचा शेरा त्यांपैकीं एकानें मारला. निबंधाचा केवळ त्रोटक सारांश १८४६ सालीं छापला गेला. संस्थेच्या नियमाप्रमाणें मूळ प्रत लेखकाकडे परत गेली नाहीं, आणि त्यांनीं स्वतःजवळ नक्कल ठेविली नव्हती. पुढें क्लॉसियस व मॅक्सवेल यांनीं हाच विषय स्वतंत्रपणें उभारला व तो त्यांच्या नांवें रूढ झाला. वॉटरस्टन १८५७ सालीं स्वदेशीं परतले. १८ जून १८८३ रोजीं ते घराबाहेर पडले ते पुनः परतले नाहींत.

वॉटरस्टन यांनीं १८५८ सालीं ध्वनीवर लिहिलेल्या एका लेखांत या जुन्या निबंधाचा उल्लेख होता. ध्वनिशास्त्राचे अभ्यासक असलेल्या रॅले यांच्या तो दृष्टीस पडला. ते त्या वेळीं रॉयल सोसायटीचे चिटणीस होते. १८९१ सालीं त्यांनीं संस्थेच्या दप्तरांतून मूळ प्रत शोधून काढली व १८९२ सालीं स्वतःची प्रस्तावना जोडून ती संस्थेच्या ग्रंथमालेंत छापविली. हा निबंध वेळीं प्रसिद्ध न झाल्यानें विषयाची प्रगति दहापंधरा वर्षें खुंटली, असें त्यांनीं त्या प्रस्तावनेंत मोकळेपणानें म्हटलें आहे. आपलीच संस्था चुकली हें तिच्याच छापील पानांत चिटणीसानें सांगावें, हें धैर्य सामान्य नव्हे.

परंतु त्याच प्रस्तावनेंत रॅले यांनीं जो बोध काढला आहे तो मात्र आम्हांस मान्य नाहीं. ते म्हणतात कीं, अज्ञात लेखकाचें धाडसी विवेचन छापण्यास विद्वत्संस्था कचरणारच. म्हणून बुद्धिमान तरुणानें आधीं मर्यादित व सहज पारखतां येण्याजोग्या कामानें नांव मिळवावें, व मगच उंच भरारी घ्यावी. व्यवहार म्हणून हा सल्ला ठीक आहे. परंतु दोष पारखणाऱ्यांचा असतां शहाणपण लेखकानें शिकावें, हा न्याय एकांगी आहे. समुद्रापलीकडील मुंबईंत बसलेल्या आरमारी शिक्षकानें लंडनांत नांव मिळवावें तरी कसें? स्वतः रॅले यांच्या बाबतींत काय घडलें, तें त्यांच्या पुत्रानेंच नमूद केलें आहे. ब्रिटिश असोसिएशनकडे पाठविलेल्या त्यांच्या एका निबंधावर चुकून नांव राहिलें नव्हतें; तेव्हां तो कोणा विक्षिप्ताचा समजून नापसंत झाला, आणि लेखक कोण हें कळतांच त्यांत गुण दिसूं लागले! पित्याच्या गौरवासाठीं लिहिलेल्या ग्रंथांत ही हकीकत न लपविणाऱ्या चरित्रकाराच्या प्रामाणिकपणाबद्दल आम्हांस आदर वाटतो. मात्र या हकीकतीशेजारीं १८९२ ची प्रस्तावना ठेवून वाचली म्हणजे तिच्यांतील सल्ल्याचा पोकळपणा आपोआप प्रकट होतो. ज्यांचें नांव गळून पडलें असतां त्यांचाहि कागद तरत नाहीं, त्यांनीं अनामिकास आधीं नांव मिळवून ये म्हणून सांगणें शोभत नाहीं.

परीक्षकांच्या बाजूनेंहि दोन शब्द लिहिणें न्यायाचें होईल. निबंध सर्वस्वीं निर्दोष नव्हता. वायूंच्या विशिष्ट उष्णतेच्या हिशेबांत त्यांत चूक होती. त्या काळीं असा विचार बहुतेकांस विचित्र वाटे. तसेंच ज्या नियमामुळें लेखकास आपला कागद परत मिळाला नाहीं, त्याच नियमामुळें तो कागद वांचला. नाकारलेले निबंध रद्दींत टाकण्याची रीत त्या संस्थेंत असती, तर रॅले यांस सांपडावयास कांहींच उरलें नसतें.

आमचा मुद्दा येथेंच आहे. आपल्याकडे दप्तरें चाळतांना राजमुद्रेचा कागद प्रथम उचलला जातो, आणि सही नसलेला, अपुरा किंवा परिचित मतास न जुळणारा कागद ‘किरकोळ’ असें लिहिलेल्या रुमालांत बांधला जातो. पुष्कळदां जागेच्या अडचणीमुळें तोच प्रथम वाळवीच्या स्वाधीन होतो. याद्या करतांना अशा कागदांचीहि एक एक ओळ लिहावी, आणि तो कां बाजूस ठेविला याचें कारणहि तेथेंच नोंदवावें, अशी आमची संग्राहकांस विनंति आहे. आपण आज दिलेला ‘नापसंत’ हा शेरा उद्यांच्या संशोधकास तपासतां आला पाहिजे.

लॉर्ड रॅले यांच्या पदव्या, पारितोषिकें आणि अधिकारपदें यांची यादी मोठी आहे. तिच्यांत आम्ही आणखी एक गोष्ट घालूं इच्छितों. एका सरदारानें दप्तरखान्यांत जाऊन एका शिक्षकाचा विसरलेला कागद बाहेर काढला व त्यावर त्याचें नांव छापलें. त्यांनीं काढलेल्या बोधाशीं आमचा मतभेद असला, तरी त्यांनीं केलेल्या या कृतीपुढें आम्ही आदरानें नमतों.