‘गुलामगिरी’तील अमेरिका : मुक्ती आणि विस्थापन

प्रस्तावना : महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ कृष्णवर्णीयांच्या दास्यमुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकन जनतेस अर्पण केला. समीक्षेत या अर्पणपत्रिकेचा उल्लेख वारंवार होतो. ग्रंथाच्या इंग्रजी प्रस्तावनेसह ती वाचण्याचा प्रयत्न येथे केला आहे.

विवेचन : अर्पणपत्रिकेतील अमेरिका अनुकरणीय आहे. प्रस्तावनेत मात्र युरोपीय वसाहतवाल्यांनी तेथील मूळ रहिवाशांवर केलेल्या क्रौर्याची तुलना फुले आर्यांच्या भारतातील आगमनाशी करतात. एकच भूमी मुक्तीचे आणि विध्वंसाचेही उदाहरण ठरते, हे या ग्रंथाचे सामर्थ्य होय. तथापि हे क्रौर्य फुले वसाहतींच्या आरंभकाळात ठेवतात. वस्तुतः १८३० च्या कायद्याने मूळ जमातींना मिसिसिपी नदीपलीकडे घालविण्यात आले आणि त्यांच्या भूमीवर गुलामांच्या श्रमातून कापसाचे मळे पसरले. पुढे १८६२ चा होमस्टेड कायदा व १८६३ ची मुक्तिघोषणा या दोहोंवर लिंकन यांचीच स्वाक्षरी होती. स्वदेशीयांपुढे आदर्श ठेवणे हा फुले यांचा हेतू असल्याने ही मर्यादा समजण्याजोगी आहे. परंतु ती नोंदविलीच पाहिजे.

समारोप : मुळशी खोऱ्यातील वाचकास हा प्रश्न परका नाही. मुंबईच्या विजेसाठी येथील मावळ्यांच्या जमिनी जाऊ लागल्या, तेव्हा १९२१ मध्ये सत्याग्रह झाला. सेनापती बापट त्याचे नेते होते. तरीही धरण झाले. म्हणून ‘गुलामगिरी’ शिकविताना ‘मुक्त कोण झाले?’ याबरोबरच ‘जमीन कोणाची गेली?’ हेही विचारणे अगत्याचे ठरते.