विजेची तार आणि हयगयीचे कलम

‘चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य’ हा सर्वोच्च न्यायालयाचा १९६३ चा निर्णय सापळ्याने घडलेल्या मृत्यूसंबंधी आजही आधारभूत मानला जातो. शेजारच्या घरातील संडासाची भिंत कोसळल्यामुळे तेथील माणसे आरोपीच्या संडासात येऊ लागली. तोंडी मनाई निष्फळ ठरली, तेव्हा त्याने तेथे तांब्याची उघडी तार बांधून तीत वीज सोडली. १६ जुलै १९५९ रोजी त्या तारेचा स्पर्श होऊन शेजारची एक स्त्री मरण पावली. तिचा अपराध एवढाच, की तिला आडोसा उरला नव्हता.

मालमत्तेच्या खाजगी संरक्षणाचा बचाव न्यायालयाने फेटाळला, तो योग्यच होय. परवानगीवाचून आत शिरणारा मनुष्य कायद्याच्या छत्राबाहेर जात नाही. जी इजा मालकास स्वहस्ते करता येत नाही, ती साधनाकरवी घडविण्याचीही त्यास मुभा नाही. इंग्लंडला हे तत्त्व पटावयास वेळ लागला. ‘इलॉट विरुद्ध विल्क्स’ (१८२०) या खटल्यात बंदूक लावल्याची सूचना ठाऊक असून शिरलेल्यास भरपाई नाकारली गेली. १८२७ च्या अधिनियमाने मात्र माणसांसाठी अशी बंदूक लावणे हाच गुन्हा ठरविला. रात्री राहत्या घराच्या रक्षणापुरता अपवाद ठेवला.

वादाचा मुद्दा आहे तो कलमाचा. आरोप भारतीय दंडसंहितेच्या कलम ३०४ खालील होता. दोषसिद्धी ३०४-अ खाली, म्हणजे बेदरकार कृत्याबद्दल झाली व तीच कायम राहिली. वस्तुतः ३०४-अ हे सदोष मनुष्यवध नसलेल्या कृत्यांपुरतेच आहे. विजेचा दाब प्राणघातक होता आणि गंभीर इजेचा संभव मालकास ठाऊक असलाच पाहिजे, असे तर निर्णयच म्हणतो. गंभीर इजा व मृत्यू यांत अंतर आहे, हे खरे. परंतु दाब प्राणघातक असता ते कितीसे उरते? अपील आरोपीचे असल्यामुळे हा प्रश्न पुढे आला नाही, हे मान्य केले पाहिजे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३०४-अ च्या जागी कलम १०६ आले आणि कमाल शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षांवर गेली. दोष त्याने निवारला नाही. विदर्भातील शेतकरी रानडुकरांसाठी कुंपणात वीज सोडतो आणि चुकून माणूस मरतो, तेथे हयगयीचे कलम समजण्यासारखे आहे. बिहारमधील तार माणसांसाठीच बांधलेली होती.