चार वर्षांत दोन पदव्या, पण सांधा कुठे?

न्याय आणि सोय यांचं नातं काय, हा आजच्या व्याख्यानाचा विषय. त्यासाठी मी उदाहरण घेणार आहे एका पदवीचं. तुम्ही म्हणाल, तत्त्वज्ञानाचा मास्तर पदव्यांवर काय बोलणार? पण तसं कारण घडलं. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची मुलगी अमेरिकेत शिकायला निघाली आहे. तिनं विचारलं, "आजोबा, तिकडे कायदा आणि लोकप्रशासन अशी जोडपदवी मिळते. घेऊ का?" मी म्हटलं, माहितीपत्रक पाठव, वाचून सांगतो. तिनं पाच-सहा पाठवली. निवृत्त माणसाला वेळ असतो, मी ती सगळी शेवटपर्यंत वाचली. आजचं बोलणं ही त्यांच्यावरची टीका आहे. टीका म्हणजे निंदा नव्हे. आपल्याकडे टीका म्हणजे मुळात अर्थ उलगडून सांगणं, त्या अर्थानं.

आधी व्यवस्था समजून घेऊ. अमेरिकेत कायद्याची जेडी ही पदवी आधीच्या पदवीनंतर घेतात, ती तीन वर्षांची. लोकप्रशासनाची एमपीए साधारण दोन वर्षांची. वेगवेगळ्या घेतल्या तर पाच वर्षं, जोडून घेतल्या तर बहुतेक ठिकाणी चार. हे एक वर्ष वाचतं कसं? कायद्याच्या शाळेतले काही विषय प्रशासनाची शाळा आपल्या हिशेबात धरते, आणि तिकडचे काही इकडे धरले जातात. प्रवेश मात्र सहसा दोन्हीकडे स्वतंत्र मिळवावा लागतो. सुरुवातीचं एक वर्ष करार, मालमत्ता, दिवाणी प्रक्रिया, फौजदारी कायदा. मग पलीकडच्या इमारतीत संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, अंदाजपत्रक, संघटना कशी चालवायची ते. उरलेल्या काळात थोडं इथलं, थोडं तिथलं.

आणि या माहितीपत्रकांत सर्वांत ठळक काय छापलेलं असतं? वाचलेलं वर्ष. माझी शंका इथूनच सुरू होते. ती समजावी म्हणून एक घरगुती गोष्ट सांगतो.

काही वर्षांपूर्वी माझं निवृत्तिवेतन अचानक थांबलं. हयातीचा दाखला मी वेळेवर दिला होता, पण त्याची नोंद कुठेतरी राहिली. मी कार्यालयात गेलो. तिथला कारकून भला माणूस. म्हणाला, "सर, तुम्ही समोर आहात हे दिसतंय हो मला. पण इथे दिसत नाही." आणि त्यानं संगणकाकडे बोट केलं. तीन महिने मी हयात असून नव्हतो! माझ्याकडे शिल्लक होती, निभावलं. रांगेत माझ्यापुढे एक निवृत्त शिपाई होते. ते किराणा उधारीवर आणत होते.

आता बघा, त्या कारकुनाच्या जागी बसून विचार केला तर? त्याच्यापुढे हजारो नावं. प्रत्येकाला आधी बोलवायचं, ऐकायचं आणि मगच पैसे थांबवायचे असं ठरवलं, तर मेलेल्यांच्या खात्यात पैसे जात राहतील, आणि नव्यांची प्रकरणं पडून राहतील. शिपायाची बाजू खरी आहे, आणि कारकुनाचीही खोटी नाही.

हाच प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९७० मध्ये आला होता. गोल्डबर्ग विरुद्ध केली हा तो खटला. न्यूयॉर्कमधल्या गरीब कुटुंबांची सरकारी मदत आधी थांबवायची आणि सुनावणी नंतर द्यायची, हे चालेल का? न्यायमूर्ती ब्रेनन यांनी बहुमताचा निकाल लिहिला: चालणार नाही. ज्याचं पोट त्या मदतीवर आहे, त्याला आधी ऐका. न्यायमूर्ती ब्लॅक यांनी विरोधी मत नोंदवलं. त्यांचा एक मुद्दा असा, की नाव काढणं इतकं अवघड केलंत तर सरकार नाव घालतानाच हात आखडेल, पूर्ण चौकशी होईपर्यंत कुणालाच यादीत घेणार नाही. म्हणजे ज्याच्यासाठी दार उघडलं, तोच बाहेर राहील.

सहाच वर्षांनी, १९७६ मध्ये, मॅथ्यूज विरुद्ध एल्ड्रिज. या वेळी अपंगत्वाची मदत. न्यायालयानं तराजू काढला. त्या माणसाचं हित किती मोठं, चूक होण्याचा धोका किती आणि जादा सुनावणीनं तो किती कमी होईल, आणि सरकारवर बोजा किती पडेल, या तीन गोष्टी तोलायच्या. तोलून ठरलं की इथे आधी सुनावणीची गरज नाही. ब्रेनन या वेळी विरोधात होते. त्यांनी आपल्या मतात नोंदवलंय, की एल्ड्रिजचं घर कर्जापायी गेलं, सामान उचलून नेलं, आणि नवरा-बायको-मुलं एकाच पलंगावर झोपत होती.

मंडळी, मी चाळीस वर्षं वर्गात कांट आणि बेंथम शिकवले. एक म्हणतो, माणसाला नुसतं साधन करू नका. दुसरा म्हणतो, सगळ्यांच्या सुखाची बेरीज बघा. हे दोन निकाल समोरासमोर ठेवले, की त्या दोघांचं भांडण कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा स्वच्छ दिसतं. कायदा विचारतो, या एका माणसाचं काय? प्रशासन विचारतं, त्या सगळ्यांचं काय? जोडपदवीला खरा अर्थ असेल तर तो इथे आहे. एकाच डोक्यात हे दोन्ही प्रश्न एकाच वेळी जागे राहिले पाहिजेत.

पण आज जोडायची वेळ आली, ती मुळात तोडल्यामुळे. कोलंबिया विद्यापीठात फ्रँक गुडनाऊ प्रशासकीय कायदा शिकवत, आणि अमेरिकेतल्या लोकप्रशासनाच्या आद्य पुरुषांतही त्यांचंच नाव घेतात. वुड्रो विल्सन, पुढे राष्ट्राध्यक्ष झाले ते, आधी काही काळ वकिली करून कंटाळले होते. १८८७ च्या त्यांच्या लेखात त्यांनी म्हटलं, की राज्यघटना लिहिण्यापेक्षा आता ती चालवणं अवघड होत चाललंय. तेव्हा दोन्ही विषय एकाच घरात नांदत होते. १९२६ मध्ये लिओनार्ड व्हाइट यांचं पाठ्यपुस्तक आलं. त्यांनी सांगितलं, प्रशासनाच्या अभ्यासाचा पाया कायदा नको, व्यवस्थापन हवा. घर वेगळं झालं, भिंत उभी राहिली. आता शंभर वर्षांनी त्या भिंतीत एक दार पाडलंय, आणि त्या दारातून ये-जा कुणी करायची? विद्यार्थ्यानं. एकट्यानं.

माझा आक्षेप नेमका हा आहे. मी वाचलेल्या माहितीपत्रकांत दोन्ही शाळांचे विषय होते, पण दोन्ही शाळांचे अध्यापक एका वर्गात बसून एकच प्रकरण दोन्ही बाजूंनी सोलून काढतील, असा सक्तीचा तास मला सापडला नाही. गोल्डबर्ग इकडे हक्क म्हणून वाचायचा, तिकडे खर्च म्हणून. भांडण लावायचं कुणी? वेळ लागतो भांडणाला. आणि वर्ष तर आपण वाचवून बसलो!

यावर कुणी म्हणेल, सर, कायद्याच्या शाळेत प्रशासकीय कायदा असतोच की. असतो. १९४६ चा प्रशासकीय कार्यपद्धतीचा कायदा तिथे शिकवतात. कार्यालयानं नियम करण्याआधी लोकांना कळवावं, त्यांचं ऐकावं. मनमानी केली तर न्यायालय तो निर्णय रद्द करील. उत्तम विषय आहे. पण तो न्यायाधीशाच्या खुर्चीतून बघितलेला आहे. कार्यालयाचं कुठे चुकलं, हे तो शिकवतो. तुटपुंज्या माणसांत आणि ठरलेल्या पैशांत बरोबर कसं करायचं, हा प्रश्न तो पलीकडच्या इमारतीवर सोडतो. आणि पलीकडची इमारत कायद्याला बऱ्याचदा वाटेतला अडथळा समजते.

दुसरी गोष्ट पैशाची. तिकडे कायद्याचं शिक्षण महाग, बहुतेक मुलं कर्ज काढतात. सरकारी किंवा ना-नफा संस्थेत नोकरी करून १२० मासिक हप्ते भरले, तर उरलेलं केंद्र सरकारी कर्ज माफ करायची योजना २००७ पासून आहे. १२० हप्ते म्हणजे दहा वर्षं! शिवाय परदेशी विद्यार्थ्याला ते सरकारी कर्ज सहसा मिळत नाही. मग मोठ्या वकिली कंपनीचा पगार खुणावतो, आणि लोकप्रशासनाची पदवी भिंतीवर लटकते. यात मी मुलांना दोष देणार नाही. हप्ता चुकला तर बँक कांटचं नाव ऐकत नाही.

सांधा जमू शकतो का? जमलेला आपण पाहिलाय. डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ कोलंबियात होते. १९१६ मध्ये लंडनला जाऊन त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन, दोन्हीकडे नाव घातलं. इकडे राज्यकारभाराचा पैसा, तिकडे कायदा. जोडपदवी त्यांना कुणी दिली नव्हती. पण ४ नोव्हेंबर १९४८ चं घटना समितीतलं त्यांचं भाषण वाचा. मसुद्यात कारभाराचे इतके बारीक तपशील कशाला, असा आक्षेप होता. त्यांचं उत्तर असं, की घटनेचं एक अक्षरही न बदलता, नुसती कारभाराची पद्धत बदलून घटना आतून पोखरता येते. हे नुसत्या वकिलाला सुचलं नसतं, नुसत्या प्रशासकालाही नाही.

त्या मुलीला मी काय सांगितलं? म्हटलं, बाळ, जरूर जा. पण प्रवेश घेण्याआधी दोन्ही शाळांना एकच प्रश्न लिहून विचार: तुमचे अध्यापक एकमेकांच्या वर्गात कधी बसतात? उत्तर आलं नाही, तर समज की सांधायचं काम तुझ्या एकटीवर आहे. मग वाचलेलं ते वर्ष सुट्टी समजू नकोस, ते तुझ्यावरचं देणं आहे. एखाद्या उन्हाळ्यात अशा कार्यालयात काम कर, जिथे खिडकीच्या अलीकडे रांग असते आणि पलीकडे फायली. दोन्ही बाजूंना बस.

तिनं विचारलं, "आणि आजोबा, तुमच्या त्या शिपायांचं काय झालं?" मला ते माहीत नव्हतं. माझं निवृत्तिवेतन सुरू झालं आणि मी रांगेतून घरी आलो. तिच्या प्रश्नानं मला चांगलीच चपराक बसली. पुढच्या वेळी इथूनच सुरुवात करू.