‘पोतुस’ आणि ‘प्यालेला’ : एका लॅटिन धातुसाधिताचा अर्थविचार

लॅटिन व्याकरणात ‘-तुस’ प्रत्ययान्त भूतकालवाचक धातुसाधित सामान्यतः कर्मणि मानले जाते. ‘स्क्रिप्ता एपिस्तुला’ म्हणजे लिहिलेले पत्र. येथे विशेषण कर्माचे आहे. ‘पोतुस’ हे रूप मात्र या नियमात पूर्णपणे बसत नाही. ‘विनुम पोतुम’ म्हणजे प्यालेले मद्य, तर ‘होमो पोतुस’ म्हणजे मद्य प्यालेला माणूस. ‘केनातुस’ म्हणजेही जेवलेला. व्याकरणग्रंथ अशा रूपांची अपवाद म्हणून यादी देतात आणि पुढे जातात. अपवादामागील कारण त्यामुळे अस्पर्शितच राहते.

हे कारण मराठीच्या आधारे शोधता येते. पाथर्डी तालुक्यातील तिसगावच्या विद्यार्थ्याला लॅटिन परके वाटले, तरी ‘प्यालेले पाणी’ आणि ‘प्यालेला माणूस’ यांतील भेद त्याला शिकवावा लागत नाही. ‘मुलाने पत्र लिहिले’ येथे क्रियापद कर्माप्रमाणे चालते; ‘मुलगा पाणी प्याला’, ‘मुलगी धडा शिकली’ येथे कर्म असूनही ते कर्त्याप्रमाणे चालते. संस्कृतातही हा प्रश्न उद्भवला होता. पाणी प्यालेल्या गाईंना लावलेल्या ‘पीत’ या विशेषणाची चर्चा पतंजलीने महाभाष्यात केली आहे.

पिणे, जेवणे, शिकणे या क्रियांचे फळ कर्त्याच्या ठायीच उरते. पाणी संपते, तृप्ती पिणाऱ्याची होते. म्हणून धातुसाधित कर्त्याचे विशेषण होऊ शकते. तथापि या स्पष्टीकरणालाही मर्यादा आहे. खाण्याचे फळही खाणाऱ्यालाच मिळते. परंतु नुसते ‘खाल्लेला’ म्हटल्यास आंबा समजला जातो, माणूस नव्हे. अर्थ दिशा दाखवतो. अखेरचा निर्णय भाषेची रूढी करते.

भाषांतरात याचे महत्त्व विशेष जाणवते. ‘दोक्तुस’चे भाषांतर ‘शिकलेला’ असे केले जाते. मूळ अर्थ ‘शिकवलेला’ असा आहे. लॅटिन शब्दात गुरूचे अस्तित्व गृहीत आहे, मराठी शब्दात शिष्याचे कर्तृत्व. ‘कर्मणि’ ही संज्ञा केवळ प्रत्यय पाहून लावली, तर ‘पोतुस’मधील कर्ता हरवतो, मराठीच्या सवयीने वाचले, तर ‘दोक्तुस’मधील गुरू हरवतो.

म्हणून धातुसाधिताच्या अध्यापनात प्रत्ययाइतकाच धातूच्या अर्थाचा विचार व्हावा. मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (१९११) या ग्रंथाने प्रयोगविचाराची सविस्तर परंपरा मराठीला दिली आहे. लॅटिनमधील अपवाद समजून घेण्यास मराठीच्या अभ्यासकाने ती वापरावी, हेच अधिक उचित ठरेल.